भिंतीखालून जाणारं पाणी

“पोचल्यावर पत्र टाकजा हो...”

बसच्या मागून धुळीतून धावत आलेला बाईचा तो आवाज. शंकररावांनी तो कधीकाळी ऐकला होता. एसटी तेव्हा या भागात नवी नवी आली होती आणि ते तिच्यात कंडक्टर होते. गाडी धामणगाव बढ्याच्या थांब्यावरून सुटली, तशी ती हाक आली. ना ती नवी नवरी होती, ना खिडकीशी बसलेला तिचा नवरा नवा नवरदेव. म्हणूनच गाडीतली माणसं जरा जास्त हसली. नवरा लाजून समोर पाहत राहिला. मागे वळून त्यानं काही पाहिलं नाही. शेवटी शंकररावांनीच त्याच्या वतीनं दारातून हात हलवला होता.

पुढे शंकररावांची बायको गेली, नोकरी संपली. बुलढाण्यात सरस्वतीबाई इंगळ्यांच्या घरामागची खोली भाड्यानं घेऊन ते राहू लागले. सरस्वतीबाई तुरुंगात बायकांच्या कोठड्यांवर पहारा करत जन्म काढलेल्या. आता खासगी तपासाची कामं घ्यायच्या. हरवलेले दागिने, पळालेले जावई. शंकरराव सोबतीला जायचे. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा बरं.

त्या दिवशी दारात एक साठीकडे झुकलेला माणूस उभा राहिला. दुष्काळाचं दुसरं साल चालू, आभाळात ढगाचा ठिपका नाही, तरी याच्या काखेत छत्री. त्यानं नाव सांगितलं, भगवंतराव. गाव सांगितलं, धामणगाव बढे. आणि शंकररावांच्या कानात ती जुनी हाक उठली.

“माझे मासे मेले,” भगवंतराव म्हणाले. “सगळे. एका रात्रीतून.”

“माशाचा तपास?” शंकरराव म्हणाले. “आजवर माणसंच...”

सरस्वतीबाईंनी नुसतं पाहिलं. शंकरराव पाणी आणायला उठले.

परत आले तेव्हा पाहुणा सांगत होता. शेतकी खात्यात होतो. बदल्यांची नोकरी, आज या जिल्ह्यात तर उद्या त्या. बायको गावी, म्हाताऱ्यांपाशी. म्हातारे गेले, पेन्शन झाली, घरी आलो. काहीतरी करावं म्हणून हे केलं.

“हे म्हणजे काय?”

“स्वयंपाकघराला लागून कापसाची जुनी कोठी आहे. तिच्यात सिमेंटचं टाकं बांधलं, रोहू सोडले. टाक्यातलं पाणी मोटरीनं उचलून बाहेर परसात नेतो. तिथं वाफे आहेत, पण मातीचे नाही, नुसत्या गिट्टीचे. त्यात पालक, चुका, वांगी. माशांची घाण हेच झाडांचं खत. गिट्टीतून गाळलेलं पाणी भिंतीखालच्या नळातून परत टाक्यात पडतं. तेच पाणी, पुन्हापुन्हा. गावच्या विहिरी तळाला गेल्या, पण माझा पालक हिरवा होता.”

“होता?”

“अलीकडे पिवळा पडत होता. ते वेगळं.” त्यांनी हात झटकला. “त्या सकाळी कुलूप उघडलं तर मासे पालथे. पाण्यावर फेस. साबणाचा असतो तसा.”

“किल्ली कोणापाशी?”

“माझ्या करदोड्याला. आंघोळीच्या वेळी तेवढी खुंटीला असते.” भगवंतराव छत्रीच्या मुठीकडे पाहू लागले. “घरात दुसरं माणूस एकच आहे.”

“तुमची मंडळी.”

“मनकर्णा. माळकरीण आहे. मासे घरात आले त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. एक शब्द नाही.” त्यांचा शहरी सूर सुटला. “मले एवढंच सांगा बाई, ते तिनं केलं का नाही. केलं असन तर येत्या बाजारी तिले तिच्या भावाकडे नेऊन घालतो. कायमचं. घरात एवढा राग असल्यावर दोघांनी त्यात राहून काय करावं?”

“आणि केलं नसेल तर?”

“तर मी संशय घेतला होता, हे तिले कळू देऊ नका.”

*

रस्त्यानं जागोजागी दुष्काळी कामं चालू होती. माणसं गिट्टी फोडत होती, बायका डोक्यावर वाहत होत्या. बसची धूळ त्यांच्यावर बसत होती आणि कोणी ती पुसतही नव्हतं.

भगवंतरावांनी कोठी उघडली तसा ओला गारवा अंगावर आला. कौलातल्या काचेतून उजेडाचा एक चौकोन टाक्याच्या पाण्यावर पडला होता. त्यात आता हलणारं काही नव्हतं.

“मेलेले मासे कुठं सापडले?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

“या कोपऱ्यात. एकावर एक.”

“आणि रोज कुठं असायचे?”

“रोज तिकडे, नळाच्या तोंडाशी. परतीचं पाणी पडतं तिथंच त्यांची गर्दी.”

नळ अगदी समोरच्या कोपऱ्यात होता. सरस्वतीबाई वाकल्या. नळाच्या ओठाशी वाळलेल्या फेसाची पांढरी कड होती. त्यांनी ती नखानं खरवडली आणि नख नाकाशी नेलं.

“त्या रात्री मोटर चालू होती?”

“रात्रभर.”

उंबऱ्याशी एक करडी मांजर पाय पसरून पडली होती. “हिनं त्यातला एक मासा पळवला त्या सकाळीच,” भगवंतराव म्हणाले.

“तब्येत तर झकास आहे,” शंकरराव म्हणाले. मांजरीनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

परसात गिट्टीचे वाफे ओळीनं होते. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफा पालकाचा, पानं फिकी. गिट्टीवर गांडुळं वाळून दोऱ्यासारखी झाली होती.

“ही तुम्ही सोडलेली?”

“गिट्टीत घाण साचू नये म्हणून. पण ती वर येत नाहीत कधी.”

“दुसऱ्या वाफ्यांत वर आलेली नाहीत,” सरस्वतीबाई म्हणाल्या. पालकाच्या एका रोपापाशी त्यांनी गिट्टी बाजूला केली. मुळाभोवती काहीतरी करडं, भुसभुशीत, गोल कडं करून दाबून बसवलेलं होतं. शेजारच्या रोपालाही तसंच. एक चिमूट त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.

“काय सापडलं?” शंकररावांनी विचारलं.

“भूक लागली आता,” त्या म्हणाल्या.

*

शेजारचे उत्तमराव कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभेच होते.

“तपास चालू हाये म्हना मासोळ्याइचा,” ते म्हणाले. “लोकायच्या घशाले पानी नाई, अन् आमचे साहेब मासोळ्याले पोहनं शिकवून राह्यले.”

“तुमचं त्यावरून भांडण झालं होतं?”

“झालं ना. चांगलं चौकात झालं. लपवू काऊन?”

“घरात फवारणीचं एंड्रिन आहे?”

“कापूस पेरनाऱ्या कोनाच्या घरात नाई? डबा दाखवतो, चाला. पन बाई, कोठीले कुलूप. मी काय भिंतीतून जाऊ? अन् मी टाकलं असतं तर ते मांजर राह्यलं असतं का? एंड्रिन चाखलेलं मांजर दुसरा घास घेत नाई.”

शंकररावांना हे बोलणं फारच सफाईचं वाटलं.

“मनकर्णाबाईंचं काय?”

उत्तमरावांचा आवाज उतरला. “वैनी कोठीकडं पाठ करून जगतात. तिचा उंबरा शिवला नाई त्याइनं. मासोळ्या दिसू नाई म्हनून वाट सोडून मागून फिरून जातात विहिरीवर.” त्यांनी भिंतीवरचं कोपर काढलं. “दोन मानसाचं घर, अन् आवाज येते तो मोटरीचा. आमची बायको म्हनते, त्यापेक्षा भांडलेले बरे.”

*

भगवंतरावांचे मेलेले मासे उचलून नेणारा कचरू भोई नळगंगेच्या धरणाच्या काठाला राहत होता. धरण आटून गाळ उघडा पडला होता. उलट्या घातलेल्या डोंग्याच्या सावलीत तो जाळं विणत बसला होता. मासे नव्हते, तरी जाळं विणत होता.

“साहेबाले बोटबोटभर पिल्लं मीच आनून देल्ली,” तो म्हणाला. “मोठी झाली का धाडच्या बाजारात मी इकाव, असं ठरलं होतं. मोठी झाली. पन साहेब इकूच देईना. आज नाई कचरू, पुढच्या बाजारी पाहू. पुढच्या बाजारी पुन्हा तेच.”

“राग आला असेल.”

“आला. खोटं काऊन बोलू?”

“मेलेले मासे तूच नेलेस ना? त्यांचं काय केलं?”

“खड्डा करून पुरले. वर बाभयीचे काटे टाकले.”

“दुसऱ्याच दिवशी बाजार होता. ताजेच दिसत असतील.”

कचरूनं जाळं खाली ठेवलं. “बाई, जहर कोनतं हाये ते मले का माईत? कोन्या लेकराच्या पोटात गेलं असतं तर?”

*

परत आल्यावर सरस्वतीबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. शंकरराव ओसरीवर बसले. आतून देवापुढच्या दिव्याचा जड, उग्र वास येत होता. चूल थंड होती.

“मोहाचं तेल ना दिव्यात?” सरस्वतीबाई विचारत होत्या.

“हाव. माहेरचं. भावाचा घाना हाये, सातपुड्याच्या पायथ्याले.”

शंकरराव ताठ झाले. आवाज वाळला होता, उन्हात राहिलेल्या कापडासारखा विटला होता, पण तोच होता. तोच बसमागून धावत आलेला. इतकी वर्षं त्या बाईचा चेहरा कसा असेल याचा ते कधीमधी विचार करायचे. आता दार चार पावलांवर होतं आणि आत जायचा धीर होईना.

“स्वयंपाक नाही आज?”

“त्याइचा केला सकायी. मले उपास हाये.”

“कोणता उपास?”

आत भांडं सरकवल्याचा आवाज झाला.

“परसातली भाजी खाता तुम्ही?”

“नाई. माळ हाये गयात. मासोळ्याच्या पान्यावरची भाजी कशी चालन?”

“पाहता तरी?”

“खिडकी हाये. दिसते ते दिसते.”

“एक सांगा, एवढं पाणी गिट्टीत सोडतात, ते पुढं जातं कुठं?”

“कुठं जाईन? मुरते जमिनीत.” मनकर्णाबाईंच्या बोलण्यात या अडाणी प्रश्नाचं नवल होतं. “पानी कुठं जाते मंग?”

सरस्वतीबाईंनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. बाहेर येऊन त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. शंकररावांनी संधी साधली.

“उत्तमराव आहे हा, बाई. मांजरीचं आधीच पाठ करून ठेवलं होतं त्यानं. आपण विचारलंही नव्हतं.”

“शंकरराव, तुम्ही तिकीट पंच करता, पण गाडी कुठं चालली ते पाहत नाही.”

“मग कुठं चालली?”

“गोल,” त्या म्हणाल्या. “भगवंतरावांना बोलवा. मनकर्णाबाईंनाही. आणि एक तांब्याभर पाणी आणा.”

*

भगवंतराव खांबाशी बसले. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या चौकटीत, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. दोघांच्या मधे सारवलेली मोकळी जमीन होती. त्या घरात ती ओलांडायची सवय कोणालाच नव्हती.

सरस्वतीबाईंनी पदराची गाठ सोडली. करडी चिमूट तांब्यात टाकली, वर तळहात दाबून तांब्या जोरानं हलवला आणि हात काढला. पांढराशुभ्र फेस काठावर चढून आला.

“साबण,” भगवंतराव म्हणाले.

“मोहाची पेंड. बियांचं तेल काढलं की मागं उरते ती. हिचा फेस होतो साबणासारखा. सातपुड्यातली माणसं आटलेल्या डोहात ती कालवतात आणि गुंगलेले मासे हातानं वेचतात. ते मासे माणसं खातात, मांजर खाते, कोणाला काही होत नाही. एंड्रिन असतं तर ही बया इथं लोळत पडली नसती.”

मांजरीनं कूस बदलली.

“ते टाक्यात कोणी टाकलं?” भगवंतरावांनी विचारलं.

“टाक्यात कोणीच टाकलं नाही. तुम्ही कुलूप आणि किल्ली धरून बसलात, भगवंतराव. पण तुमचे मासे नीट सांगून मेले. नळाचं पाणी त्यांचं आवडतं. त्या रात्री मात्र सगळे त्या नळापासून जितकं दूर जाता येईल तितके दूर गेले. कोपऱ्यात एकमेकांवर चढले. म्हणजे जे आलं ते नळातून आलं. नळात कुठून येतं? वाफ्यातून. कोणत्या वाफ्यातून? जिथली गांडुळं गुदमरून वर आली त्या. खिडकीखालच्या.”

“वाफ्यात मग कोणीही टाकू शकतं,” शंकरराव म्हणाले. “कचरूसुद्धा. त्याला तर माशांची सगळी...”

“कचरूनं पेंड टाकली असती तर हे मासे खायला चालतात हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच दिवशी धाडचा बाजार होता. त्यानं ते काट्याखाली पुरले, कोणाचं लेकरू मरू नये म्हणून. विष कोणतं ते माहीत नसलेला माणूसच असं करतो. आणि उत्तमरावाच्या घरात जे आहे ते एंड्रिन. त्याला पेंड कोण पाठवणार?”

भगवंतरावांची मान हळूहळू चौकटीकडे वळली. सातपुड्याच्या पायथ्याचा घाणा या घरात एकाच माणसाच्या माहेरचा होता.

“म्हणजे तिनंच,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी पाठ खांबाला टेकवली.

“पेंड तिनंच टाकली,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “तुम्ही मला विचारलं, ते तिनं केलं का. केलं. मासे मारले का, हे मात्र वेगळं. उठा आणि तुमच्या पालकाची मुळं पाहून या. ओंजळभर पेंड वाफ्यात भिरकावलेली नाही. रोपारोपाशी कडं करून घातली आहे, बोटानं दाबली आहे, वरून गिट्टी लोटून झाकली आहे. एखाद्या रोपाचं मूळ दुखावलेलं नाही. मारायला आलेला हात असं करत बसतो का? माहेरी त्यांच्याकडे पेंड शेतात खत म्हणून घालतात. पानं पिवळी दिसली, त्यांनी खत घातलं.”

“पण ते पाणी...”

“पाणी परत टाक्यात जातं, हे त्यांना कोणी सांगितलं? तुम्ही? तुम्ही दोघं बोलत नाही. पाहिलं म्हणावं तर नळाचं तोंड कोठीच्या आत, आणि कोठीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. वाफा म्हणजे वाफा. घातलेलं पाणी मुरतं, आपल्या सगळ्या वाफ्यांत मुरतं तसं. या गावात कोणालाही विचारा, हेच सांगेल. आत्ता तासाभरापूर्वी त्यांनी मलाही तेच सांगितलं. ज्याला ते पाणी माशांकडे पाठवायचं होतं त्याला ते कुठं जातं एवढं तरी ठाऊक असतं.”

मनकर्णाबाईंच्या हातांनी चौकट धरली. “परत जाते?” त्या सरस्वतीबाईंना म्हणाल्या. “ते पानी परत जाते मासोळ्यायकडे?”

“जातं, बाई.”

“मी पेंड घातली संध्याकायी, अन् सकायी त्या मेल्या. मले वाटत होतं, माह्यानंच काही झालं. कसं झालं ते समजत नव्हतं.” त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. “एवढे जीव.”

“म्हणून उपास,” सरस्वतीबाई म्हणाल्या.

मोटर बंद होती. परसातलं पाणी थांबलं होतं आणि घर इतकं गप्प होतं की शंकररावांना स्वतःच्या श्वासाची लाज वाटली. त्यांना वाटलं, आपल्या खोलीत रोज असंच असतं, फक्त तिथं एकच माणूस असतो.

“बाई,” भगवंतराव शेवटी म्हणाले, “ती माझ्या भाजीला हात लावत नाही. पान तोंडात घालत नाही. मग तिनं खत काऊन घातलं?”

“ते माझ्या तपासात बसत नाही.” सरस्वतीबाई उठल्या. “चला शंकरराव. मोताळ्याची गाडी असेल.”

“मले इचारा ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

सरस्वतीबाई पायरीवर थांबल्या. भगवंतरावांनी खांब सोडला. ती मोकळी जमीन ओलांडून ते चौकटीपाशी आले आणि तिथंच खाली, बायकोच्या उंबऱ्याशी बसले.

“सांग. काऊन घातलं?”

ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. सारवलेल्या जमिनीवर बोटानं रेघ ओढत होती.

“पानं पिवयी पडली, अन् तुमी बोलनं बंद केलं.”

“कोणाशी?”

“मासोळ्यायशी. रोज सकायी टाक्यापाशी बसून तुमी बोलत होते. कोनत्या गावाले बदली झाली, कुठं तापानं पडले, कोन्या शेजारनीनं पेज करून देल्ली, पत्र लिव्हाले बसले अन् कसं लिव्हता नाई आलं. मले कधी सांगतलं नाई ते सारं त्याइले सांगत होते. मी इकडून भिंतीले कान लावून आयकत होती. मंग पानं पिवयी पडली, तुमी टाक्यापाशी बसून राहा, पन बोला नाई. मले वाटलं, पानं हिरवी झाली का तुमी पुन्हा बोलसान.”